कळव्याचा अंधार आणि कादंबरीतले भविष्य

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, मुंबईसह ठाणे आणि नवी मुंबईच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. करोनाच्या निर्बंधांमुळे त्या दिवसांत लोकलने प्रवास करण्याची मुभा मुख्यतः अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांनाच होती. तेव्हा रुळांवर अडकून पडलेल्यांत परिचारिका, पालिकेचे कामगार आणि कार्यालयांतील कारकून यांचाच भरणा अधिक होता. रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. मुंबई अंधारात बुडाली, अशी बातमी जगभर गेली. मूळ बिघाड मात्र मुंबईत नव्हता. तो ठाणे जिल्ह्यात होता. खाडीपलीकडचे कळवे आणि मुंबई-नाशिक महामार्गावरचे पडघे या दोन गावांची नावे त्या दिवशी प्रथमच देशाच्या कानी पडली. कळवा-पडघे या ४०० किलोव्होल्टच्या व्यवस्थेत एका सर्किटच्या देखभालीचे काम चालू होते, सारा भार दुसऱ्या सर्किटवर होता आणि त्यात तांत्रिक बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी सांगितले. घातपाताची शक्यताही नाकारता येत नाही, अशी पुस्ती त्यांनी दोन दिवसांतच जोडली.

हे प्रकरण एवढ्यावरच थांबते तर वीजखात्याच्या दप्तरात जमा होऊन विस्मृतीत गेले असते. परंतु २०२१ च्या फेब्रुवारीअखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकी कंपनीच्या अहवालाच्या आधारे एक खळबळजनक वृत्त दिले. चीनशी संबंधित अशा एका गटाने भारताच्या वीजक्षेत्रातील दहा संस्थांच्या संगणकजाळ्यांना लक्ष्य केले असून पाचपैकी चार प्रादेशिक भार प्रेषण केंद्रे त्यांत आहेत, असे या अहवालात म्हटले होते. जून २०२० मधील गलवानच्या रक्तपातानंतर भारताला दिलेला हा इशारा असावा काय, आणि ऑक्टोबरमधील अंधार हा त्याचाच भाग असावा काय, असे प्रश्न त्यातून उभे राहिले. १ मार्च रोजी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन वीज मंडळाच्या यंत्रणेत १४ 'ट्रोजन हॉर्स' घुसविण्यात आले असण्याची शक्यता बोलून दाखविली. त्यावर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी लगोलग खुलासा केला की, मुंबईची वीज मानवी चुकीमुळे गेली. सायबर हल्ल्यामुळे ती गेल्याचा पुरावा नाही. देशातील भार प्रेषण केंद्रांवर हल्ल्याचे प्रयत्न झाले, हे मात्र त्यांनी मान्य केले. ज्या अहवालावरून हे रान उठले, त्या अहवालानेही मुंबईच्या अंधाराशी या घुसखोरीचा संबंध सिद्ध झाला नसल्याचे नमूद करून ठेवले होते. तो तपशील वाचण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी फारसे कोणी नव्हते.

तसे का झाले, याचे एक कारण असे की ही कथा लोकांनी आधीच वाचलेली होती. सीमेवर चकमक होते, काही आठवडे शांततेत जातात, आणि मग दूरच्या देशातील एका बंद खोलीतून कळ फिरते व महानगराचे दिवे मालवतात. यंत्रतंत्राच्या बारीक तपशिलांवर उभ्या राहणाऱ्या ज्या रोमहर्षक कादंबऱ्यांना इंग्रजीत टेक्नो-थ्रिलर म्हणतात, त्यांचा हा ठरलेला साचा आहे. पी. डब्ल्यू. सिंगर व ऑगस्ट कोल यांच्या २०१५ मधील 'घोस्ट फ्लीट' या कादंबरीत चीन आणि अमेरिका यांच्या युद्धात अमेरिकेची शस्त्रे निकामी होतात ती त्यांत बसविलेल्या चिनी बनावटीच्या चिपांमुळे. जुलै २०२० मध्ये भारताच्या ऊर्जा मंत्रालयाने आयात होणाऱ्या वीजसामग्रीची घातक संगणकीय आज्ञावलींसाठी तपासणी करण्याचा आदेश काढला, तेव्हा तो या कादंबरीचेच एखादे प्रकरण वाटावा असा होता. मंत्रालयाला ती भीती कादंबरीतून सुचली असे म्हणता येणार नाही. एकाच भीतीने लेखकाला आणि सचिवाला ग्रासले होते, एवढेच म्हणता येईल.

या प्रकारच्या वाङ्मयाकडे नाक मुरडून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला १८९३ पासूनची आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयाला १८६४ पासूनची परंपरा आहे. अशा ग्रंथालयांत कथा-कादंबऱ्यांच्या कपाटापुढे जी गर्दी असते, तीत बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आणि पुढे फोर्सिथ, मॅक्लीन यांची भाषांतरे मागणाऱ्यांचा वाटा कधीच लहान नव्हता. डोंबिवलीहून दररोज दीड-दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्या कारकुनाला खांद्यांच्या गर्दीत एका हाताने धरून वाचता येईल असे पुस्तक लागते, ही गोष्ट समीक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही. जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने 'व्हायरस' या नावाची कादंबरी लिहावी, यावरून या वाटेने गंभीर विचारही येऊ शकतो हे दिसते. तेव्हा रोमहर्षक कादंबरीला पुढचे दिसते की नाही, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

या कादंबऱ्यांची बाजू घेणाऱ्यांकडे दाखले भक्कम आहेत. एच. जी. वेल्स यांनी १९१४ मध्येच 'द वर्ल्ड सेट फ्री' या कादंबरीत अणुबाँबचे नाव उच्चारले होते. ती कादंबरी लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये वाचली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्याला अणूंच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली आणि तिचे पेटंट त्याने पुढे ब्रिटिश नौदलाच्या हाती गुप्तपणे सोपविले, कारण वेल्सने रंगविलेला विध्वंस त्याच्या डोळ्यांपुढे होता. हेक्टर बायवॉटर या नौदलविषयक वार्ताहराने १९२५ मध्ये अमेरिका व जपान यांच्या पॅसिफिकमधील युद्धाची कादंबरी लिहिली. अचानक हल्ल्याने सुरू होणारे आणि बेटामागून बेट घेत पुढे सरकणारे हे युद्ध सोळा वर्षांनी प्रत्यक्षात आले. टॉम क्लॅन्सीच्या १९९४ मधील कादंबरीत प्रवासी विमान अमेरिकेच्या संसदभवनावर आदळविले जाते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे रिचर्ड क्लार्क या दहशतवादविरोधी कामाच्या प्रमुख अधिकाऱ्याने सांगितले की, विमानांच्या अशा वापराची जाणीव त्याला हेरखात्याच्या इशाऱ्यांपेक्षा क्लॅन्सीच्या कादंबऱ्यांमुळे अधिक झाली होती. हेरखात्यावर याहून कडवट टीका दुसरी कोणती असू शकेल? मार्क एल्सबर्ग या ऑस्ट्रियन लेखकाची युरोपभर वीज घालविणाऱ्या घातपाताची कादंबरी २०१२ मध्ये आली आणि २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये दोन लाखांहून अधिक ग्राहकांची वीज परक्या हातांनी तोडली. तेथील वीज कर्मचारी पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना आणि एकेक कळ बंद होताना पाहत बसले.

परंतु हे दाखले नीट उलगडून पाहिले म्हणजे त्यांतील भविष्यकथनाचा भाग किती आणि कोठला, हे लक्षात येते. वेल्सने आपली कल्पना फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाच्या रेडियमवरील ग्रंथातून घेतली होती. बायवॉटरने जहाजांचा पल्ला, इंधन आणि बंदरांची अंतरे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला होता. भूगोल बदलत नसल्याने युद्धाची वाटही फारशी बदलली नाही. यंत्राचे सामर्थ्य आणि यंत्राची दुर्बलता ही ज्याला नीट कळली, त्याला ते यंत्र कोठे मोडेल हे सांगता येते. ते कोण मोडेल, केव्हा आणि कशासाठी, हे सांगताना मात्र हेच लेखक ठेचाळतात. क्लॅन्सीच्या कादंबरीत विमान आदळविणारा एक जपानी वैमानिक आहे, आणि त्याला तसे करण्यास भाग पाडते ते अमेरिका व जपान यांचे युद्ध! शस्त्र बरोबर आले. शत्रू साफ चुकला.

चुकलेल्या कादंबऱ्यांची आठवण कोणी ठेवत नाही, हीही या हिशेबातील मोठी गोम आहे. ब्रिटिश सेनापती सर जॉन हॅकेट यांनी १९७८ मध्ये तिसऱ्या महायुद्धाची कहाणी लिहून त्यासाठी ऑगस्ट १९८५ हा महिनाही मुक्रर केला होता. रणगाड्यांचे प्रकार, तुकड्यांच्या हालचाली, सारे चोख होते. प्रत्यक्षात १९८५ च्या मार्चमध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह सत्तेवर आले आणि सहा वर्षांत सोव्हिएत साम्राज्य महायुद्धावाचूनच संपले. आपल्याकडे रवी रिखये यांनी १९८२ मध्ये 'द फोर्थ राउंड' या पुस्तकात १९८४ सालचे भारत-पाकिस्तान युद्ध रंगविले. ते युद्ध झाले नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये सियाचिनच्या बर्फावर, जेथे रणगाडा पोहोचणेच अशक्य, तेथे सैनिक उतरले; आणि देशाला हादरविणाऱ्या त्या वर्षीच्या इतर घटना सीमेवर नव्हे तर अमृतसरला आणि दिल्लीत घडल्या. जी पुस्तके खरी ठरली ती पुन्हा छापली जातात, जी खोटी ठरली ती रद्दीच्या दुकानात वजनावर जातात. उरलेल्यांवरून कादंबरीकार द्रष्टे ठरविणे म्हणजे सोडतीत ज्यांना बक्षीस लागले त्यांनाच तेवढे विचारून सोडतीचा धंदा फायद्याचा ठरविण्यासारखे आहे.

ज्या गलवानपासून पडघ्याची कथा सुरू झाली, त्या गलवानचेच पाहावे. दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांचे सैनिक एकविसाव्या शतकात दगड आणि खिळे ठोकलेले दंडुके घेऊन रात्रीच्या अंधारात एकमेकांवर तुटून पडतात, वीस भारतीय जवान त्यात प्राण गमावतात, आणि दोन देशांतील जुन्या करारामुळे बंदुकीची गोळी सुटत नाही. असे प्रकरण घेऊन एखादा लेखक प्रकाशकाकडे गेला असता तर हे अगदीच अविश्वसनीय म्हणून त्याला परत पाठविण्यात आले असते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या कुरणात २६ जणांचे बळी घेण्यात आले, त्यांत डोंबिवलीचे तीन रहिवासी होते. तेथेही उपग्रह नव्हते, संगणकातील विषाणू नव्हते. साध्या बंदुका होत्या आणि सहलीला आलेली नि:शस्त्र माणसे होती. ज्या गावाने ही दुःखे आपल्या दारात पाहिली, त्याला संघर्ष नेहमी यंत्राच्या वाटेने येतो असे सांगून पटणार नाही.

आता कळव्याकडे वळावे. मानवी चूक आणि देखभालीतील ढिलाई हे केंद्राने सांगितलेले कारण कादंबरीला मुळीच मानवणारे नाही. मुंबईबाहेर बिघाड झाला की शहराची वीजव्यवस्था क्षणार्धात अलग करून तिला बेटासारखी स्वतःच्या जनित्रांवर चालू ठेवण्याची 'आयलंडिंग' नावाची योजना गेल्या शतकापासून अस्तित्वात होती. तिच्या भरवशावर मुंबईकर स्वतःला देशात सर्वांत सुरक्षित समजत असत. त्या सोमवारी हे बेट तग धरू शकले नाही. मुंबईत बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या मोजक्या, मागणी वाढती, आणि नव्या वाहिन्यांच्या योजना वर्षानुवर्षे कागदावर, ही वस्तुस्थिती वीजखात्यातील कोणाही अभियंत्याला ठाऊक होती. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अखेर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. म्हणजे या अंधारानंतर आणखी तीन वर्षांनी. रेल्वेपुरते बोलायचे तर एके काळी कल्याण आणि डोंबिवली यांच्या मधोमध ठाकुर्लीला रेल्वेचे स्वतःचे वीजगृह होते. १९२९ मध्ये सुरू झालेले ते वीजगृह १९८० च्या दशकात बंद पडले, आणि त्यानंतर सर्वांचेच दोर त्याच त्या थोड्या खुंट्यांना बांधले गेले. देखभालीची नोंदवही, रखडलेली मंजुरी, भूसंपादनाचा वाद, हे रोमहर्षक कादंबरीचे विषय होऊ शकत नाहीत. तिला खलनायक लागतो, आणि नोंदवहीला चेहरा नसतो.

या वाङ्मयापासून जो खरा धोका संभवतो, तो येथे आहे. शत्रूने केले, या वाक्यात एक विलक्षण सोय असते. त्या वाक्यापुढे देखभाल वेळेवर का झाली नाही आणि बेट का टिकले नाही, हे प्रश्न क्षुद्र वाटू लागतात. ते विचारणाऱ्याच्या देशभक्तीविषयीही शंका घेता येते. मार्च २०२१ मध्ये काही दिवस नेमके हेच घडले. सर्व चर्चा बीजिंगभोवती फिरत राहिली आणि पडघे मागे पडले. याचा अर्थ घुसखोरीची भीती खोटी होती असा नव्हे. हल्ल्याचे प्रयत्न झाल्याची कबुली केंद्रीय मंत्र्यांनीच दिली होती. घराबाहेर चोर फिरत होता हे खरे, आणि त्या रात्री दार पडले ते वाळवीने, हेही खरे असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून ठेवण्याची शिस्त मात्र कादंबरी शिकवीत नाही. तिला शेवटच्या पानापर्यंत एकच गुन्हेगार लागतो. वास्तविक जी व्यवस्था देखभालीच्या एका दिवसात कोसळते, तिचा कमकुवत सांधा कोठे आहे हे शत्रूला हेर न पाठविताही वर्तमानपत्र वाचून कळते.

मे २०२५ मध्ये या प्रकाराने आणखी एक वळण घेतले. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या दिवसांत पाकिस्तानी सायबर हल्ल्यामुळे भारताची ७० टक्के वीजव्यवस्था ठप्प झाल्याची अफवा समाजमाध्यमांतून पसरविण्यात आली. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला ती खोटी असल्याचे जाहीर करावे लागले. दिवे लागलेले होते, पंखे फिरत होते, आणि तरीही कोठेतरी अंधार पडला असावा असे मानण्याची अनेकांची तयारी होती. इतक्या वर्षांच्या वाचनाने आणि चित्रपटांनी ही कथा मनात एवढी पक्की बसविली आहे की, तिचा प्रयोग करण्यासाठी आता वीज घालविण्याचीही गरज उरलेली नाही. ती गेली असे म्हटले की पुरे. कोणत्या कादंबरीकाराने आपल्या कादंबरीच्या अशा उपयोगाचे भाकीत केले होते, हे शोधून पाहण्यासारखे आहे.

त्याच महिन्याच्या ७ तारखेला देशातील २४४ जिल्हे व ठिकाणी नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्या यादीत ठाण्याचे नाव होते. भोंगे वाजले, जखमींना हलविण्याची तालीम झाली. १९७१ च्या युद्धातील काळ्या कागदांनी मढविलेल्या खिडक्या ज्यांना आठवतात, त्यांना हा सराव ओळखीचा वाटला असेल. त्या वेळी अंधार हे संरक्षण होते. शत्रूच्या विमानाला शहर दिसू नये म्हणून नागरिक स्वतःहून दिवे मालवीत. २०२० मध्ये अंधार हीच इजा होती. सरावाने अजून पहिल्याच अंधाराची सवय सोडलेली नाही, आणि येथे मात्र कादंबरीकाराकडून काही घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या त्या चौकशी आयोगाने आपल्या २००४ च्या अहवालात कल्पनाशक्तीच्या अपयशाचा उल्लेख करून कल्पना करणे हे काम नोकरशाहीच्या नित्यक्रमातच बसविले पाहिजे, असे सुचविले होते. कारकुनाच्या टेबलावर कल्पनाशक्तीची फाइल, ही कल्पना प्रथम हसू आणते. पण फ्रान्सच्या संरक्षण खात्याने २०१९ मध्ये विज्ञानकथा लेखकांना संभाव्य धोक्यांची चित्रे रंगविण्यासाठी खरोखरच पाचारण केले. जर्मनीत तर संरक्षण मंत्रालयाच्या पैशाने ट्यूबिंगेन विद्यापीठातील वाङ्मयाच्या प्राध्यापकांनी निरनिराळ्या देशांतील कादंबऱ्यांचा अभ्यास केला. या प्राध्यापकांनी कथानकातील शस्त्रांकडे फारसे पाहिले नाही. शेजाऱ्याचे चित्रण कसे होते, कोणत्या पुस्तकावर बंदी येते, कोणाला पारितोषिक मिळते, यांवरून द्वेषाचा पारा किती चढला आहे हे ते पाहत होते. मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्याकडच्या युद्धकथांना आणि रहस्यकथांना हे मोजमाप लावून पाहिले, तर एखाद्या प्रबंधाला न शोभेल असा हा विषय नाही.

ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर अशी कल्पना करण्यासाठी द्रष्टा लेखक शोधण्याचे कारण नाही. युक्रेनमध्ये २०१५ साली वीज काही तासांत परत आली, ती कर्मचारी उपकेंद्रांवर स्वतः गेले आणि त्यांनी हातांनी कळा बसविल्या म्हणून. हे काम कळव्याला आणि पडघ्याला रात्रपाळीत कोण करील, त्याला तसे करण्याचा सराव आहे काय, हा पहिला प्रश्न. आयलंडिंगची चाचणी केव्हा झाली आणि तिचा निष्कर्ष काय निघाला, हे दरवर्षी जनतेला सांगितले जाईल काय, हा दुसरा. तिसरा प्रश्न प्रवाशांचा आहे. संध्याकाळची सहा-सव्वासहाची वेळ, मुंब्रा आणि दिवा यांच्या दरम्यान उभी राहिलेली गाडी, बंद पडत चाललेले मोबाइल, डब्यात पसरलेली घातपाताची अफवा, आणि रुळांवर उतरू पाहणारी माणसे. पुढच्या सरावात भोंग्याबरोबर हाही प्रसंग घ्यावा, आणि त्या गाडीतील माणसांना पहिल्या अर्ध्या तासात खरे काय झाले ते कोण, कशावरून आणि कोणत्या साधनाने सांगणार, हे आधीच लेखी ठरवावे.